सीमेपलीकडच्या नगरपालिकेबरोबर संयुक्त संस्था कशी उभारावी: युरोपातल्या स्थानिक आणि प्रादेशिक संस्थांची कार्यपद्धती

युरोपीय संघातल्या बहुतेक अंतर्गत सीमांवर आता कोणी पासपोर्ट विचारत नाही. पण रुग्णवाहिका, बसचा पास, सांडपाण्याची वाहिनी, अग्निशमन दलाची गाडी यांना मात्र सीमा पावलोपावली आडवी येते. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार संघाचा ४० टक्के भूभाग अंतर्गत सीमांच्या पट्ट्यात मोडतो आणि तिथं सुमारे १५ कोटी लोक राहतात. त्यांच्या रोजच्या अडचणी सोडवायला पुढे यावं लागतं ते शेजारशेजारच्या दोन नगरपालिकांना, दोन जिल्ह्यांना किंवा दोन प्रांतांना.

ते काम कसं करायचं, कुठल्या कागदावर काय लिहायचं, किती मुदत लागते आणि गाडी कुठे अडते, हे इथे क्रमाने दिलं आहे. भर आहे तो ईजीटीसीवर. प्रादेशिक सहकार्यासाठीचा हा युरोपीय गट दोन किंवा अधिक देशांतल्या सार्वजनिक संस्थांनी मिळून उभारायचा असतो आणि त्याला स्वतःचं कायदेशीर व्यक्तित्व असतं. लोकप्रशासनाचा अभ्यास करणाऱ्यांना आणि युरोपातल्या नगरपालिकांत किंवा विद्यापीठांत काम करणाऱ्या मराठी मंडळींना हा तपशील थेट उपयोगी पडेल.

अडचण आधी नेमकी लिहा

सर्वाधिक प्रकल्प इथेच फसतात. पहिल्या बैठकीत दोन महापौर हात मिळवतात, ‘आरोग्य, पर्यटन, संस्कृती आणि वाहतूक या क्षेत्रांत सहकार्य’ असा ठराव होतो आणि पुढे वर्षभर कोणालाच नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकच काम करा. प्रत्येक अडचणीसाठी एक पान घ्या आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: त्रास कोणाला होतो, वर्षातून साधारण किती वेळा, कोणत्या कायद्याच्या किंवा नियमाच्या कोणत्या कलमामुळे, ते कलम बदलायचा किंवा त्यातून सूट द्यायचा अधिकार आपल्या बाजूला कोणाकडे आहे आणि पलीकडे कोणाकडे.

‘रुग्णवाहिका सेवेत समन्वय नाही’ हे वाक्य त्या पानावर चालणार नाही. ‘रात्री दहानंतर पलीकडची रुग्णवाहिका जवळ असूनही आपला नियंत्रण कक्ष तिला बोलावू शकत नाही, कारण बिल कोणत्या विमा संस्थेने भरायचं ते ठरलेलं नाही’ हे चालेल. असं लिहिलं की कोणाशी बोलायचं ते आपोआप कळतं. इथे दोन नियंत्रण कक्ष आणि दोन विमा संस्था. महापौर नंतर.

शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे, कारण अधिकारांची वाटणी प्रत्येक देशात वेगळी असते. रुग्णालयांचं नियोजन स्पेनमध्ये स्वायत्त प्रांताकडे आहे, जर्मनीत राज्याकडे, तर फ्रान्समध्ये केंद्र सरकारच्या प्रादेशिक आरोग्य यंत्रणेकडे. म्हणजे फ्रेंच गावाचा महापौर कितीही उत्साही असला तरी रुग्णालयाबाबत त्याची सही पुरत नाही. समोर बसलेला माणूस आपल्याच हुद्द्याचा आहे म्हणून त्याचे अधिकारही आपल्याएवढेच असतील, असं धरून चाललात की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं.

पानं भरून झाली की त्यांचे तीन गठ्ठे करा. काही अडचणी केवळ माहिती नसल्याने किंवा सवय नसल्याने असतात. त्या दोन कार्यालयांच्या पत्रव्यवहारानेच सुटतात. काही प्रशासकीय असतात, त्यांना करार लागतो. उरलेल्या खऱ्या कायदेशीर असतात, आणि त्यांच्यापुढे कोणतीही संयुक्त संस्था उपयोगाची नाही, कारण संस्था काढून कायदा बदलत नाही. त्यांच्यासाठी वेगळा दरवाजा आहे. सीमावर्ती प्रदेशांची युरोपीय संघटना २०१८ पासून बी-सोल्यूशन्स नावाचा उपक्रम चालवते. त्यात अडचणीचं वर्णन पाठवलं की कायद्याचा जाणकार मूळ कलम शोधून तोडगा सुचवतो. शिवाय २०२५ मध्ये संघाने ९२५ क्रमांकाचा नियम संमत केला. सीमेवरची कायदेशीर किंवा प्रशासकीय अडचण रीतसर मांडण्यासाठी सदस्य देशांना त्याखाली समन्वय केंद्रं नेमता येतात. मात्र ही व्यवस्था देशांच्या मर्जीवर आहे. आपल्या देशाने केंद्र नेमलं आहे का ते आधी पाहा आणि मगच अर्ज लिहायला बसा.

साचा कोणता निवडायचा

ईजीटीसी हा एकच मार्ग नाही आणि अनेकदा तो योग्यही नसतो. नेदरलँड्स-जर्मनी सीमेवर ग्रोनाऊ इथली युरेजिओ ही दोन्हीकडच्या नगरपालिकांची संघटना १९५८ पासून काम करते आहे, म्हणजे युरोपात यासाठी कोणताही आंतरराष्ट्रीय कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून. कायद्याची चौकट आली ती युरोपीय परिषदेच्या (कौन्सिल ऑफ युरोप, ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) १९८० च्या माद्रिद करारनाम्याने. पण तो आराखडा आहे. नगरपालिकांच्या हाती प्रत्यक्ष अधिकार येतात ते त्याखाली शेजारी देशांनी आपसांत केलेल्या करारांनी. जर्मनी-नेदरलँड्स यांचा १९९१ चा आन्हॉल्ट करार, फ्रान्स-स्पेनचा १९९५ चा बायोन करार, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंडचा १९९६ चा कार्ल्सरूह करार, स्पेन-पोर्तुगालचा २००२ चा वालेन्सिया करार हे त्यातले महत्त्वाचे. आपल्या सीमेवर कोणता करार लागू आहे आणि तो कोणत्या प्रकारची संस्था उभारू देतो, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

निवडीचा निकष आमच्या मते साधा आहे. काम एकदाच करायचं असेल, जसं संयुक्त सायकल मार्ग किंवा पूररोधक आराखडा, तर भागीदारी करार पुरे. दरवर्षी ठराविक रक्कम देऊन पलीकडची सेवा वापरायची असेल तर सेवा करार करा. कायमचा नोकरवर्ग, मालमत्ता, स्वतःचा अर्थसंकल्प आणि स्वतःच्या नावाने निविदा काढण्याची गरज या चारपैकी निदान दोन गोष्टी असतील, तरच ईजीटीसीकडे वळा. प्रतिष्ठेसाठी काढलेली संस्था पहिल्या तीन वर्षांत फक्त स्वतःचा लेखापरीक्षण अहवाल तयार करत बसते.

साध्या करारानेही मोठं काम होतं. फिनलंडचं टॉर्निओ आणि स्वीडनचं हापारांडा ही जोडशहरं १९७०च्या दशकापासून सांडपाणी एकाच प्रक्रिया केंद्रात पाठवतात, आणि हे युरोपीय संघात जाण्याच्या खूप आधीपासून.

ईजीटीसीची नोंदणी: कागद, मुदती, क्रम

मूळ कायदा म्हणजे संघाचा २००६ चा १०८२ क्रमांकाचा नियम. २०१३ च्या १३०२ क्रमांकाच्या नियमाने त्यात मोठी दुरुस्ती केली आणि ती २२ जून २०१४ पासून लागू झाली. पहिली ईजीटीसी जानेवारी २००८ मध्ये लील-कॉर्ट्राइक-तूर्ने या फ्रेंच-बेल्जियन महानगर पट्ट्यात उभी राहिली.

सदस्य कोण होऊ शकतो? राज्य, प्रांत, जिल्हा, नगरपालिका, सार्वजनिक उपक्रम, सार्वजनिक कायद्याखालच्या संस्था आणि या सर्वांचे संघ. सदस्य सर्वसाधारणपणे किमान दोन सदस्य देशांतले हवेत. संघाबाहेरच्या शेजारी देशातली संस्थाही येऊ शकते, पण तिच्या देशाच्या कायद्याची किंवा त्या देशाबरोबरच्या कराराची त्याला मुभा हवी.

नोंदणीकृत कार्यालय कुठे ठेवायचं हा सर्वांत दूरगामी निर्णय, आणि नेमका तोच पुष्कळदा इमारत कुठे रिकामी आहे यावर घेतला जातो. ज्या देशात कार्यालय, त्या देशाचा कायदा: संघाच्या नियमात आणि संस्थेच्या करारनाम्यात जे लिहिलेलं नाही ते सगळं त्या कायद्याने चालतं. हिशेब ठेवायची पद्धत, लेखापरीक्षण, दिवाळखोरीचे नियम, बरेचसे वाद कोणत्या न्यायालयात जातील, सगळं त्यावर ठरतं. दोन्हीकडच्या वकिलांना आणि लेखापालांना एकत्र बसवून तीन गोष्टींची तुलना करून घ्या: संस्थेला व्हॅट परत मिळेल का, कर्मचारी सरकारी मानले जातील की खासगी, आणि कर्ज काढायला परवानगी लागेल का.

मग दोन दस्तऐवज तयार करायचे. पहिला करारनामा, दुसरी नियमावली. दोन्ही एकाच गठ्ठ्यात घातली तरी त्यांची कामं वेगळी आहेत. करारनाम्यात नाव, कार्यालय, कार्यक्षेत्र, उद्दिष्ट आणि कामं, मुदत आणि विसर्जनाच्या अटी, सदस्यांची यादी, संस्थेची मंडळं आणि त्यांचे अधिकार, लागू होणारा कायदा, कर्मचाऱ्यांचे नियम, उत्तरदायित्व, आर्थिक तपासणीबाबत परस्पर मान्यता आणि दुरुस्तीची पद्धत येते. नियमावलीत रोजचा कारभार: प्रत्येक सदस्याचे किती प्रतिनिधी, मतदान कसं, कामकाजाच्या भाषा कोणत्या, वर्गणी किती आणि केव्हा, हिशेब कसे, बाहेरचा स्वतंत्र लेखापरीक्षक कोण नेमणार.

इथे एक व्यावहारिक सल्ला. ज्या गोष्टी बदलण्याची शक्यता आहे त्या करारनाम्यात घालू नका. वर्गणीचा आकडा, बैठकांची संख्या, समित्यांची नावं ही नियमावलीत किंवा त्याहून खाली, आमसभेच्या ठरावात असावीत. करारनामा बदलायचा म्हटलं की पुन्हा देशांच्या मंजुरीचं चक्र सुरू होतं.

‘कामं’ हे कलम मंत्रालय सर्वांत बारकाईने वाचतं. पोलीस, नियमनाचे अधिकार, न्यायदान आणि परराष्ट्र धोरण ईजीटीसीकडे देता येत नाही. म्हणून ‘वाहतुकीचं नियमन’ असं लिहिलंत तर फाइल परत येईल. ‘बससेवा चालवणे, थांबे बांधणे व त्यांची देखभाल करणे’ असं लिहा. पायाभूत सुविधा संस्थेकडे असेल तर तिच्या वापराच्या अटी आणि शुल्क ठरवायची मुभा २०१३ च्या दुरुस्तीने आमसभेला दिली आहे. ती हवी असेल तर करारनाम्यात जागा ठेवा.

मंडळं किमान दोन: सदस्यांच्या प्रतिनिधींची आमसभा आणि संस्थेच्या वतीने सही करणारा संचालक.

मसुदा झाला की प्रत्येक सदस्य आपापल्या सभागृहात ठराव करतो आणि आपल्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला दोन्ही दस्तऐवजांच्या प्रतींसह सूचना पाठवतो. एकाने सगळ्यांच्या वतीने पाठवून चालत नाही. प्रती मिळाल्यापासून देशाला सहा महिन्यांची मुदत असते. त्या काळात हरकत आली नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं, पण इथेच एक खाच आहे: ज्या देशात नोंदणीकृत कार्यालय असणार त्याची लेखी, औपचारिक मंजुरी लागतेच. तिथे मौन पुरत नाही. नकार द्यायचा तर देशाला कारणं द्यावी लागतात, आणि गरज असेल तर करारनाम्यात कोणते बदल हवेत तेही सुचवावं लागतं.

सहा महिने वाया जाऊ नयेत म्हणून मसुदा रीतसर पाठवण्याआधी दोन्ही मंत्रालयांना अनौपचारिक वाचनासाठी द्या. भाषांतरंही तेव्हाच करून घ्या. दोन भाषांतल्या मजकुरात एका शब्दाचा फरक निघाला तर हरकत त्यावरच येते.

सगळ्या मंजुऱ्या आल्या की कार्यालयाच्या देशात करारनामा आणि नियमावली नोंदवतात किंवा प्रसिद्ध करतात. यातलं जे आधी होईल त्या दिवशी संस्था जन्माला येते. तिथून १० कामकाजाच्या दिवसांत ठराविक नमुन्यात विनंती युरोपीय प्रादेशिक समितीकडे पाठवायची, म्हणजे संघाच्या अधिकृत पत्रात सूचना छापून येते. पहिल्या अधिकृत बैठकीपासून इथवर दीड ते दोन वर्षं धरा. मध्ये कुठे निवडणूक असेल तर आणखी अर्धं वर्ष.

सेर्दान्या रुग्णालय: एक प्रकरण जवळून

पिरेनीज पर्वतातलं सेर्दान्या हे पठार १६५९ च्या तहाने फ्रान्स आणि स्पेनमध्ये विभागलं गेलं. दोन्ही बाजू मिळून साधारण तीस हजार वस्ती, जी सुट्टीच्या हंगामात कित्येक पटींनी वाढते. फ्रेंच बाजूच्या रुग्णाला मोठं रुग्णालय गाठायला डोंगर उतरून सुमारे १०० किलोमीटरवरच्या पेर्पिन्याँला जावं लागे, तेही हिवाळ्यात बर्फातून. एकेकट्या बाजूच्या लोकसंख्येवर पूर्ण रुग्णालय परवडत नव्हतं. २०१० मध्ये ईजीटीसी झाली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये स्पेनच्या बाजूच्या पुच्सेर्दा गावात रुग्णालय उघडलं. बांधकाम आणि साधनांचा खर्च सुमारे ३ कोटी १० लाख युरो, त्यातला ६० टक्के युरोपीय प्रादेशिक विकास निधीतून. चालू खर्च ६० टक्के कातालोनिया आणि ४० टक्के फ्रान्स असा वाटला आहे.

हे प्रमाण शिकण्यासारखं आहे. इमारतीसाठी युरोपीय पैसा मिळतो, कायमच्या नोकरवर्गाच्या पगारासाठी नाही. इथे दोन्ही बाजूंनी दरवर्षीचा वाटा आधीच बांधून घेतला, म्हणून रुग्णालय चाललं.

आणि तरीही बारीक अडचणी राहिल्याच. फ्रेंच आईबापांचं बाळ स्पेनच्या भूमीवर जन्मलं तर त्याची नोंद कुठे? रुग्ण दगावला तर पार्थिव सीमेपलीकडे नेताना आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियम लागू होत. घर पाच किलोमीटरवर असलं तरी. दुःखात असलेल्या कुटुंबाला त्या वेळी कागद गोळा करायला लावणं किती क्रूर आहे, हे सांगायला नको. रुग्णालय, शाळा, वृद्धाश्रम असं माणसांशी निगडित काही उभारत असाल तर जन्म, मृत्यू, अपघात आणि मुलांचा ताबा या चार प्रसंगांची कागदपत्रं उद्घाटनाआधीच लावून घ्या.

पैसा: इंटररेगचं गणित

सीमापार प्रकल्पांचा मुख्य निधी म्हणजे १९९० पासून चालत आलेला इंटररेग. २०२१-२०२७ च्या कालखंडासाठी २०२१ चा १०५९ क्रमांकाचा नियम लागू आहे. निधीचा वाटा सर्वसाधारणपणे ८० टक्क्यांपर्यंत. भागीदार किमान दोन देशांतले हवेत. आखणी आणि अंमलबजावणी एकत्र करायची, शिवाय कर्मचारी किंवा पैसा यांपैकी निदान एक गोष्ट सामायिक हवी. ईजीटीसीचा एक फायदा इथे दिसतो: ती एकटीच भागीदार म्हणून अर्ज करू शकते. इटली-स्लोव्हेनिया सीमेवर गोरित्सिया, नोवा गोरित्सा आणि शेम्पेतर-व्हर्तोइबा या तीन नगरपालिकांच्या २०११ च्या ईजीटीसीने असंच करून सोचा नदीकाठचं उद्यान आणि आरोग्यसेवा असे दोन प्रकल्प स्वतःच्या नावावर राबवले.

अंदाजपत्रक असं मांडा. बाहेरच्या सेवा, साधनं आणि बांधकाम मिळून थेट खर्च २,५०,००० युरो आहे असं समजू. कर्मचारी खर्च सरसकट २० टक्के दराने घेतला तर ५०,०००. कार्यालयीन खर्च त्या ५०,००० च्या १५ टक्के, म्हणजे ७,५००. प्रवास आणि मुक्काम आणखी १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७,५००. एकूण ३,१५,०००, निधी २,५२,०००, स्वतःचे ६३,०००. सरसकट दराचा मोठा लाभ म्हणजे प्रत्येक तासाची नोंद आणि प्रत्येक तिकीट दाखवावं लागत नाही. लहान नगरपालिकांनी तोच घ्यावा. मात्र कार्यक्रमाच्या अटींत कोणते दर खुले आहेत ते आधी पाहा.

६३,००० युरो उभे केले म्हणजे झालं, असं समजू नका. निधी खर्चानंतर मिळतो. मागणी सादर केल्यापासून ८० दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे, पण त्याआधी खर्चाची तपासणी होते आणि मागण्या साधारण सहा महिन्यांनी जातात. म्हणून एकूण रकमेच्या निदान एक तृतीयांश इतकी रोकड हाताशी हवी. ज्यांचं चलन युरो नाही, जसं पोलंड किंवा हंगेरी, त्यांच्या खर्चाचं रूपांतर तो तपासणीसाठी सादर केला त्या महिन्याच्या आयोगाच्या दराने होतं. खर्च केला त्या दिवशीच्या दराने नाही. फरक भागीदाराने सोसायचा.

मुख्य भागीदाराची जबाबदारी नीट समजून घ्या. निधी त्याच्या खात्यात येतो आणि तो कपात न करता इतरांना द्यावा लागतो. पलीकडच्या भागीदाराच्या निविदेत गैरप्रकार निघाला तर परतफेडीची मागणी आधी मुख्य भागीदाराकडेच येते. म्हणून भागीदारी करारात किती दिवसांत पैसे परत करायचे हे लिहूनच सही करा. फलकासारख्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतही पैसा जातो: एकूण खर्च १,००,००० युरोंहून जास्त असलेल्या बांधकामावर आणि साधनांवर युरोपीय निधीचा उल्लेख असलेला कायमचा फलक लागतो, आणि प्रसिद्धीचे नियम न पाळल्यास निधीतून २ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. बांधकाम प्रकल्पाची मालकी आणि वापर शेवटचा हप्ता मिळाल्यापासून पाच वर्षं बदलायचा नाही.

चालवताना काय बिघडतं

सर्वांत महागात पडते ती सामाजिक सुरक्षा. कर्मचारी सीमेपलीकडे राहतो आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. राहत्या देशातलं काम २५ टक्के किंवा जास्त झालं तर नियमानुसार त्याचा सामाजिक विमा त्याच देशात भरावा लागतो. जुलै २०२३ पासून बऱ्याच देशांनी एका चौकट करारावर सही केली आहे. त्याखाली अर्ज केल्यास ५० टक्क्यांच्या आतल्या घरकामासाठी विमा कार्यालयाच्याच देशात ठेवता येतो. दोन्ही देश त्यात आहेत ना ते पाहा, आणि ए-वन प्रमाणपत्र (कोणत्या देशाचा सामाजिक विमा लागू आहे हे दाखवणारा कागद) नेमणुकीच्या पहिल्याच आठवड्यात मागवा.

खरेदीत कोणत्या देशाचा निविदा कायदा, हा वाद पहिल्या निविदेला होतो. २०१४ चे संघाचे खरेदी निर्देश संयुक्त संस्थेला पर्याय देतात: कार्यालयाच्या देशाचा कायदा किंवा जिथे काम चालतं त्या देशाचा. आमसभेत एकदाच ठराव करून तो कायम ठेवा.

तांत्रिक मानकांचंही तसंच. स्ट्रासबुर्गची ट्राम एप्रिल २०१७ मध्ये र्‍हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलला पोचली. त्यासाठी गाड्यांना फ्रेंच नियमांबरोबर जर्मन ट्राम नियमावलीही पाळावी लागली. गाड्या मागवल्यानंतर असे बदल करायचे म्हटले तर खर्च भलताच वाढतो. म्हणून दोन्ही मानकं निविदेतच घाला.

मतदानात लोकसंख्येच्या प्रमाणात मतं दिलीत तर लहान गावं दोन वर्षांत बैठकीला यायची थांबतात. अर्थसंकल्प आणि वर्गणीसाठी प्रत्येक देशाच्या बाजूचं वेगळं बहुमत ठेवणं जास्त टिकतं. अध्यक्षपद आलटूनपालटून, शक्यतो एकाच वेळी दोन्हीकडे निवडणूक येणार नाही असं चक्र लावून.

भाषेबाबत काटकसर नको. समोरच्याची भाषा समजते म्हणून दुभाषा टाळणाऱ्या बैठकीत होकार मिळतो, पण इतिवृत्त वाचल्यावर तो मागे घेतला जातो. इतिवृत्त दोन्ही भाषांत, सात दिवसांत. टॉर्निओ आणि हापारांडा यांच्यामध्ये पायी दहा मिनिटांचं अंतर असलं तरी घड्याळात एका तासाचा फरक आहे. अशा ठिकाणी बैठकीच्या सूचनेवर दोन्ही वेळा छापा.

नवा सदस्य घ्यायचा असेल आणि त्याच्या देशाने करारनाम्याला आधीच मंजुरी दिलेली असेल, तर फक्त त्याच देशाची मंजुरी लागते. तो देश कार्यालयाच्या देशाला कळवतो. बाहेर पडणाऱ्या सदस्यासाठी मात्र नियमावलीत स्वतःच तरतूद करा: किमान एका आर्थिक वर्षाची पूर्वसूचना, चालू कर्जाचा आणि इंटररेग प्रकल्पांचा वाटा पूर्ण फेडणं, आणि मालमत्तेची किंमत कोण ठरवणार ते. हे कलम सुरुवातीला, सगळे खुशीत असताना लिहून घ्या. नंतर त्याच्या मसुद्यावर एकमत होत नाही.